वळण नीट येईना! ड्रॉइंगमधल्या कर्व्हचे तुमचे अनुभव सांगा

एमआयडीसीकर
परवा भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. जळगावला डिप्लोमाला आहे, प्रोजेक्टला पंपाचं केसिंग घेतलंय. व्होल्यूटचा (केसिंगचा गोगलगायीसारखा वळसा) कर्व्ह स्प्लाईनने (पॉइंट देऊन काढायची वळणदार रेघ) काढलेला, लांबून बघितलं तर झकास. झूम केलं तर कड उन्हात वाळलेल्या पापडासारखी वरखाली. एवढे पॉइंट टोचले होते की मोजायचं सोडून दिलं. त्याचं म्हणणं, मामा जितके जास्त पॉइंट तितकं ॲक्युरेट. म्हटलं बाबा सॉलिडवर्क्समध्ये स्प्लाईनवर राईट क्लिक कर आणि कर्व्हेचर कोंब लाव, म्हणजे कुठे किती वाक आहे ते काट्यांच्या लांबीने दिसतं. लावल्याबरोबर स्क्रीनवर काटेच काटे, एक आत एक बाहेर. मग निम्म्याहून जास्त पॉइंट उडवले, जिथे वाक खरंच बदलतो तिथलेच ठेवले, टोकांची हँडल स्पर्शरेषेत ओढली. कोंब कसा एकसारखा उतरत गेला, पोरगं गप्पच झालं.

त्यावरून आमचं ईडीचं (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं) सबमिशन आठवलं. इन्व्होल्यूट, सायक्लॉइड असले कर्व्ह, पॉइंट काढायला अर्धा तास आणि जोडायला दीड. आमच्या सरांचा नियम होता, फ्रेंच कर्व्ह (वळणांची तयार पट्टी) किमान चार पॉइंटांवर बसला पाहिजे पण रेघ तिसऱ्यापर्यंतच ओढायची, म्हणजे पुढच्या वेळी पट्टी बसवताना मागचा तुकडा थोडा धरूनच बसते आणि सांध्यावर कोपरा येत नाही. शिशाची कांडी घातलेली रबरी फ्लेक्झिबल पट्टी वर्गात एक-दोघांकडेच असायची, त्यांची वट वेगळीच.

तर कागदावर, कॉम्प्युटरवर, पत्र्यावर, कापडावर, कुठेही कर्व्हशी झटापट केली असेल तर लिहा.

रेडियमवाला_भुसावळ
माझा रोजचा धंदाच हा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो टाकतं, भाऊ हा लोगो गाडीच्या काचेवर पाहिजे, अर्ध्या तासात. कोरलड्रॉमध्ये ट्रेस मारला (फोटोवरून आपोआप रेघ काढली) की एकेका अक्षराला शंभर शंभर नोड, म्हणजे रेघेवरचे पॉइंट. नवा पोरगा तसंच प्लॉटरला देतो, मग ब्लेड जागच्या जागी थरथरतं आणि विनाईल फाटतं. एफ टेन दाबा, सगळे नोड सिलेक्ट करा, रिड्यूस नोड्स. तरी समाधान नाही झालं तर ट्रेस फेकून हाताने काढा, गोलाईला जिथे वर-खाली-डावी-उजवी टोकं येतात तिथे एकेक नोड, बस. देवनागरीत शिरोरेघ जिथे काना सोडते तिथे कस्प (कोपऱ्याचा नोड) ठेवायचा, बाकी स्मूथ. तिथे पण स्मूथ केलं की 'आईचा आशीर्वाद' मधला आ वितळल्यासारखा दिसतो

शेवभाजी_विथ_पाव
काय चाली ऱ्हायनं भो? मला वाटलं कर्व्ह म्हणजे केळीच्या भावाचा ग्राफ 😂

रावेरकर
@शेवभाजी त्यात स्मूथ काहीच नसतं रे, सरळ उभा कडाच. आज पण उतरला

शेवभाजी_विथ_पाव
आमनाकडे बी आसंच शे

सोनारगल्ली
दागिन्याच्या कॅडमध्ये आहे, जळगाव. राईनो सॉफ्टवेअरवर काम. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, सर मी दिलेला पॉइंट रेषेवर का येत नाही? अरे तो कंट्रोल पॉइंट आहे, तो बाहेर उभा राहून कर्व्हला आपल्याकडे ओढतो, कर्व्ह त्याच्यातून जायलाच पाहिजे असं नाही. ज्यांना पॉइंटातूनच जायचंय त्यांना इंटरपोलेट वेगळं. पण ते हलवून हलवून एडिट करायला गेलं की लाटा येतात, म्हणून आम्ही शेवटी कंट्रोल पॉइंटवरच येतो. डिग्री तीनच्या कर्व्हमध्ये एक पॉइंट हलवला तर आजूबाजूचे जास्तीत जास्त चार तुकडे हलतात, बाकीचा कर्व्ह जागेवर. हे डोक्यात बसलं की भीती जाते.

दुसरं म्हणजे पॉलिश. स्क्रीनवर कोणाला काही दिसत नाही, वॅक्स प्रिंटवर पण नाही, पण कास्टिंग होऊन बफ मारला की दिव्याची रेघ बांगडीवरून फिरताना बरोबर सांध्यावर मोडते. सोनं काही लपवत नाही. म्हणून आधीच झेब्रा (स्क्रीनवर काळे-पांढरे पट्टे) लावून बघायचं. पट्टे सांध्यावर तुटले म्हणजे नुसती टोकं जुळलीयेत, जुळले पण कोपरा करून गेले म्हणजे स्पर्शरेषा जुळली पण वाक जुळला नाही, सरळ गुळगुळीत गेले म्हणजे जी-टू, वाक पण जुळला. बांगडीला जी-टू शिवाय मी फाईल पुढे देत नाही, मालक किती का ओरडेना

एमआयडीसीकर
@सोनारगल्ली क्या बात. हे भाच्याला वाचायला देतो. कास्टिंग आमच्याकडे पण पण आम्हाला बफ नाही ग्राइंडर 😄

अवधानचा_लेझर
धुळ्याहून. तुम्ही लोक तिकडे स्प्लाईन काढून मोकळे होता आणि डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाईल) आमच्या बोडक्यावर येते. बऱ्याच मशीनच्या कंट्रोलरला शेवटी सरळ रेघ आणि आर्क (गोलाचा तुकडा) एवढंच कळतं, जी झिरो वन, झिरो टू, झिरो थ्री या आज्ञा. मग सॉफ्टवेअर त्या स्प्लाईनचे बारीक बारीक रेघांचे तुकडे करतं, हेड प्रत्येक तुकड्यावर स्पीड कमी जास्त करतं आणि कड जळते, हात फिरवला की पैलू लागतात. ऑटोकॅडवाल्यांनो एवढं करा, पीएडिट कमांड घेऊन स्प्लाईनची पॉलीलाईन (तुकडे जोडून एकच रेघ) करा पण त्याआधी पीलाईनकन्व्हर्टमोड एक ठेवा, म्हणजे सरळ तुकड्यांऐवजी आर्कचे तुकडे पडतात. प्रिसिजन विचारतं तिथे ९९ टाकू नका, मोठा आकडा म्हणजे चांगलं असं नसतं. आणि ओव्हरकिल मारा, एकावर एक रेघा असल्या की मशीन तीच जागा दोनदा कापतं.
लाईट गेली. नंतर लिहितो

बदली_पाचोरा
मी सर्व्हेत. कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. नवीन मुलं पॉलीलाईनला पीएडिट मधलं स्प्लाईन मारून देतात, दिसायला सुंदर, पण ते फक्त पहिल्या आणि शेवटच्या पॉइंटातून जातं, मधल्या लेव्हलपासून रेघ सरकते. चढ जास्त असेल तिथे दोन कॉन्टूर एकमेकांना कापतात! शंभर मीटर आणि एकशे एक मीटर एकाच जागी कसं असेल बाबा. फिट वापरलं तर सगळ्या पॉइंटातून आर्क जातात पण मग पोट सुटतं. डीकर्व्ह मारा (वाक काढून परत सरळ तुकडे) आणि पॉइंट वाढवा साइटवर जाऊन, उन्हात. तापीकाठी मे महिन्यात लेव्हल घेऊन दाखवा मग सांगा स्मूथ.

रस्त्याचं तर वेगळंच. तिथे स्प्लाईन चालतच नाही, ट्रान्झिशन कर्व्ह द्यावा लागतो, क्लोथॉइड. त्यात लांबीच्या प्रमाणात वाक वाढत जातो म्हणून ड्रायव्हरला स्टिअरिंग हळूहळू वळवता येतं. सरळ रस्त्याला एकदम गोल जोडला तर कागदावर स्पर्शरेषा जुळलेली दिसते पण गाडीत बसलेल्याला एकदम बाजूला धक्का. सोनारभाऊंचं जी-टू म्हणजे हेच, तिकडे दिवा मोडतो इकडे माणूस.

चाळीसगाव_एक्सप्रेस
कन्नड घाटात माझी सासू दर वळणाला उलटी करते तिथे कोणता कर्व्ह आहे 🙏

बदली_पाचोरा
@चाळीसगाव तिथे डोंगराने ठरवलाय. आवळा सुपारी ठेवा सोबत

चाळीसगाव_एक्सप्रेस
आवळा सुपारीने माझ्या मावशीला फरक पडला होता पण सासूबाई म्हणतात दात हलतात. असो

शिवणकाम_ताई
कुकर लावलाय तोवर लिहिते. आम्ही ब्लाउजचे पॅटर्न आता कॉम्प्युटरवर करतो. मुंढ्याचा आकार हा सगळ्यात नाजूक, पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळा वेगळा छान दिसतो पण खांद्याला जोडून ठेवला की बरोबर शिवणीवर टेंगूळ. म्हणून मी स्क्रीनवरच दोन्ही खांदे चिकटवते, कर्व्ह सलग करते आणि मग परत वेगळे करते. आणि गळा! अर्धाच काढतात ना, मग मिरर. मधल्या रेघेला कर्व्ह काटकोनात आला नाही तर उलगडल्यावर गोल गळ्याला मध्ये टोक येतं. माझ्या हाताखालच्या मुलींना पहिलं हेच शिकवते, हँडल आडवं करा, शिफ्ट दाबून. शिट्टी झाली

एमआयडीसीकर
ताई हे तर आम्ही केसिंगचा अर्धा भाग मिरर करताना करतो, हँडलला हॉरिझॉन्टल रिलेशन. धंदा वेगळा दुखणं एकच.

जुना_ड्राफ्ट्समन
पेन्शनर आहे, चुकलं माकलं सांभाळून घ्या. जहाज बांधणारे लोक लाकडाची लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी जागच्या जागी दाबून धरायचे आणि तिच्या कडेने रेघ मारायचे. पट्टी आपोआप कमीत कमी ताण येईल असा आकार घेते, ती खरी स्प्लाईन. गणितात तो शब्द १९४६ मध्ये शोनबर्ग यांच्या पेपरमध्ये आला. मग मोटारींची पाळी. सिट्रोएनमध्ये द कास्टेलजाऊ यांनी १९५९ च्या सुमारास पद्धत बसवली पण कंपनीने बाहेर पडू दिली नाही, रेनोमध्ये बेझिए स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि त्यांनी छापलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. ज्याने छापलं त्याचं नाव, हे आमच्या ऑफिसात पण असंच होतं, असो. ऑटोकॅड १९८२ चं, पण त्यात खरी स्प्लाईन बरीच उशिरा आली, तोवर आम्ही पॉलीलाईनलाच वाकवायचो.

शेवभाजी_विथ_पाव
काका छापून टाका तुमचं पण

डिप्लोमा_सेकंड_इयर
सर मला एक सांगा, स्प्लाईनला डायमेन्शन कशी द्यायची? सॉलिडवर्क्समध्ये निळीच राहते, काळी (म्हणजे पूर्ण पक्की) होत नाही. उद्या सबमिशन आहे 😭 आणि एक्स्टर्नल कडक आहेत म्हणे

टर्नर_भाऊ
शॉपवाल्याचं ऐकायचं तर स्प्लाईन काढूच नको. मला रेडियस सांग. तीन आर्क टँजंट करून बसव, प्रत्येकाला रेडियस आणि सेंटर दे, गेजने तपासता पण येतं. स्प्लाईन मी कशाने तपासू, डोळ्याने?

सोनारगल्ली
@डिप्लोमा पॉइंटांना एक्स वाय डायमेन्शन दे आणि टोकांच्या हँडलचा कोन आणि लांबी पण दे, होईल काळी. ड्रॉइंगवर कोऑर्डिनेटचं टेबल जोड. टर्नरभाऊ आर्कवाल्या बांगडीवर दिवा मोडतो हो.

टर्नर_भाऊ
मी बांगडी टर्न करत नाही, बुश करतो. बुशला कोण दिवा लावून बघतं

शिवणकाम_ताई
फुकटचं सॉफ्टवेअर कोणतं चांगलं? आमचं लायसन्स संपतंय

अवधानचा_लेझर
लाईट आली. ताई इंकस्केप बघा, पॅटर्नला पुरतं. कंट्रोल एल दाबलं की नोड कमी होतात पण जपून, परत परत दाबलं की आकारच बदलतो. एकदा दाबून मुंढ्याची लांबी मोजून घ्या, मग पुढे. आणि मशीनसाठी लागणार असेल तर फ्रीकॅड, त्यात बी-स्प्लाईनला कोंब पण दिसतो. फाईल पाठवताना मिलिमीटर लिहा म्हणजे झालं, मागच्या आठवड्यात एकाने युनिटच लिहिलं नाही, फॅन कव्हर हवं होतं, स्क्रीनवर बटणाएवढं उघडलं.