कॅरोलनच्या दंतकथा का वगळायच्या?

टरलो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) या अंध आयरिश हार्पवादक-रचनाकाराच्या दंतकथा सोडून फक्त त्याच्या धुना ऐकाव्यात, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. अठराव्या वर्षी देवी येऊन डोळे गेले, मॅक्डर्मट रो घराण्यातल्या बाईंनी त्याला हार्प हे तंतुवाद्य शिकायला धाडलं आणि पुढे घोडा व वाटाड्या देऊन रवाना केलं, इथपर्यंत इतिहास आहे. पण लोकांनी जपलं ते निराळंच. ब्रिजेट क्रूझवर त्याचं तरुणपणी प्रेम होतं. पुष्कळ वर्षांनी लॉक डर्ग या आयरिश सरोवराच्या यात्रेत तो यात्रेकरूंना हात देऊन होडीत चढवत होता. एका बाईचा हात हातात आला आणि त्याने चटकन ओळखलं, ही ब्रिजेटच! किती सुंदर आहे हे! गोष्ट खरी असो वा नसो, तिच्या नावाच्या धुना मी आता वेगळ्या कानांनी ऐकते.

आणि त्याची पहिली मानली जाणारी रचना, 'शी व्हेग, शी व्होर', तर आयर्लंडच्या लेट्रिम परगण्यातल्या दोन टेकड्यांवरच्या पऱ्यांच्या सैन्यांच्या लढाईवरच बेतलेली आहे. तिथे लोककथा वगळून उरेल काय?