मारुती ८०० (१९९७) : मागची काच फुटली आहे, पावसाआधी बसवायची आहे. मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ :

नमस्कार मंडळी,

चिपळूणपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. गाडी मारुती ८००, १९९७ ची, पांढरी. बाबांनी नवी कोरी घेतली होती. आता बाबा नाहीत आणि गाडी मी चालवते. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं त्या दिवशी ती नेमकी गावच्या घरी होती, म्हणून वाचली. तेव्हापासून तिच्यावर माझा जरा जास्तच जीव आहे.

परवा दुपारी गाडी अंगणात माडाखाली उभी होती. वारा सुटला आणि एक वाळकी झावळ बुडख्याकडून थेट मागच्या काचेवर आली. मी ओटीवरच होते. आधी धप्प असा आवाज, आणि लगेच पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा सळसळाट. धावत जाऊन बघते तर काच नाहीच! सगळे वाटाण्याएवढे तुकडे डिकीत, मागच्या सीटवर, सीटच्या शिवणीत. बाबांनी आतून लावलेला गणपतीचा स्टिकर तेवढा शाबूत होता, पंधरा-वीस तुकडे एकत्र धरून. तो उचलून डब्यात ठेवला आहे.

आता अडचण सांगते. गावातल्या गॅरेजवाल्या दादांनी काच आणि रबर मिळून साधारण चार हजार सांगितले, मजुरी वेगळी. पण काच कुठून आणणार, नवी की भंगारातली, ते धड सांगेनात. "जुनंच रबर चालेल, वरून सिलिकॉन मारून देतो" असंही म्हणाले. ते रबर बोटाने दाबलं तर भेगा पडतात, ठिकठिकाणी कडक झालं आहे. मागच्या दोन पावसाळ्यांत डिकीतल्या गालिच्याला कुबट वास येत होता, तोही बहुतेक त्यामुळेच. त्यात आमच्या ओळखीतले एक जण म्हणतात की काच कशाला, ॲक्रिलिकची शीट कापून बसव, हलकी आणि स्वस्त.

माझ्याकडे वेळ दोन-अडीच आठवडे. जूनचा पाऊस लागला की इकडे गाडी कोरडी ठेवणं मुश्कील. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी आहे. आणि २०२७ मध्ये आरसीचं नूतनीकरण आहे, म्हणजे पासिंगला न्यावी लागेल. काच कराडला किंवा पुण्याला मिळत असेल तर गाडी अशीच घेऊन कुंभार्ली घाट चढू का? जुनं रबर ठेवावं का? ज्यांनी हे काम करून घेतलं आहे त्यांनी जरूर लिहा.

घाटमाथा :

ताई, बाकीचं मागाहून, आधी घाटाचं. मागची काच नसताना गाडी लांब पल्ल्याला नेऊ नका. गाडी पळत असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि उघड्या जागेतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि आपल्याला वाटतं घाटाचा शीण आहे. प्लॅस्टिक लावलं तरी ते फडफडून सुटतंच. काच गाडीकडे आणा, गाडी काचेकडे नेऊ नका.

तोपर्यंत जाड प्लॅस्टिकचा कागद उघडलेल्या डिकीच्या दारावर टाका, कडा आत घ्या आणि दार बंद करा. दाराच्या रबरातच तो अडकून बसतो. रंगावर खाकी चिकटपट्टी लावू नका. पंचवीस-तीस वर्षांच्या रंगावरून ती ओढली की रंगाचे पापुद्रे घेऊन येते, शिवाय उन्हाने गोंद वितळून तिथेच बसतो.

पेठेतला :

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं आहेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला. ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे काच मिळेल, घाबरू नका. मात्र दुकानात सांगताना साल सांगा. १९८३ ते ८६ चं पहिलं मॉडेल आणि त्यानंतरचं यांच्या बॉडीच वेगळ्या आहेत. नुसतं "८०० ची मागची काच" म्हटलं तर घोळ होऊ शकतो.

काच हातात आली की कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हे मानक हवं, शिवाय ती टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेली, असल्याची खूण. मारुतीला वर्षानुवर्षं 'असाही इंडिया' या कंपनीची काच लागत आली आहे, तो शिक्का असलेली जुनी काच मिळाली तरी मी घेईन. फक्त भंगारातली घेणार असाल तर चारही कडांवरून नख फिरवून बघा. टफन्ड काचेचा पृष्ठभाग दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. मधोमध ओरखडा असला तर एक वेळ चालतो, पण कडेला टवका उडालेला असेल तर ती काच उद्या डिकी जरा जोरात लावली तरी भुसभुशीत होऊन खाली येईल. तुमची काच झावळीच्या एका फटक्यात सगळीच्या सगळी गेली, त्याचं कारणही हाच ताण.

म्हणूनच ती बनल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही. "थोडी मोठी आहे, घासून बसवतो" असं कोणी म्हणालं तर दुकानातून निघा.

कराडकर_रंगारी :

आमच्या घरी डेंटिंग-पेंटिंगचं काम दोन पिढ्यांचं आहे, म्हणून थोडं लांबवतो.

ताई, तुम्ही काचेच्या मागे आहात, पण मला काळजी रबराखालच्या पत्र्याची वाटते. कुबट वास दोन पावसाळे येतोय म्हणालात ना? म्हणजे पाणी काच फुटायच्या आधीपासून आत जातंय. ८०० ची मागची काच चिकटवलेली नसते, रबरात बसवलेली असते. रबराला दोन खाचा. एकीत काच, दुसरीत डिकीच्या दाराच्या पत्र्याची कड. ती कड गंजली असेल तर नवी काच आणि नवं रबर घालूनही पाणी येणारच, आणि गंज आत वाढत राहील तो दिसणारही नाही.

जुनं रबर आजच काढा. काच नाहीच, त्यामुळे ते हाताने निघेल. काढल्यावर खालची कड आणि दोन्ही खालचे कोपरे यांचे फोटो इथे टाका. त्यातला वीतभर तुकडा कापून दुकानात न्यायला ठेवा. दोन्ही खाचांची रुंदी त्यावरून जुळवता येते, नुसत्या नावाने मागितलेलं रबर कधी सैल निघतं.

आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं ते बाथरूमचं सिलिकॉन अजिबात मारू देऊ नका. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, उघड्या पत्र्याला ते गंजच देतं. लागलंच तर काळं, न सुकणारं ब्युटाइल सिलंट वापरा.

माडबन :

ॲक्रिलिकबद्दल. माझ्या चुलतभावाने जीपला लावलं होतं. दोन उन्हाळ्यांत पिवळं पडलं आणि कपडा मारून मारून असं घासलं गेलं की रात्री मागच्या गाडीचा दिवा म्हणजे नुसता पांढरा गोळा. अशी कापलेली साधी शीट नियमातही बसत नाही. ओघात आठवलं म्हणून सांगतो, नवी काच बसली की काळी फिल्म लावायचा मोह धरू नका. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

इन्शुरन्सचं म्हणाल तर थर्ड पार्टीत स्वतःच्या गाडीची काच येत नाही. पूर्ण विमा असता तर काचेवर घसारा (जुनेपणाची वजावट) लागला नसता, रबरावर मात्र निम्मा कापतात.

वाशिष्ठीकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. घाट रद्द. प्लॅस्टिक सांगितलं तसं दारात अडकवलं आहे, काल रात्रीच्या वळिवात एक थेंब आत आला नाही.

आज रबर काढलं. रंगारीदादा, तुम्ही न बघता सांगितलंत ते खरं निघालं. वरची कड आणि बाजू चांगल्या आहेत, मूळ पांढरा रंग अजून चकचकीत. पण खाली डावीकडच्या कोपऱ्यात रबराबरोबर गंजाचे पापुद्रेच हातात आले. स्क्रू ड्रायव्हर हलकाच टेकवला तर आरपार गेला. भोक चवलीएवढं. उजवीकडे नुसता गंज आहे, भोक नाही. डिकीच्या दाराच्या आत काचेचे तुकडेही खूप पडलेत, दार हलवलं की खुळखुळतात.

मनाला फार लागलं. दर दिवाळीला बाबा ही गाडी स्वतः धुवायचे आणि आम्हाला डावा कोपरा पुसायला द्यायचे. तिथेच आतून पत्रा खलास होत होता.

आता क्रम काय ठेवू? गॅरेजवाले दादा म्हणतात भोक एम-सीलने बुजवू आणि काच बसवू.

कराडकर_रंगारी :

एम-सील नको. कडेवर ते जाड बसतं, रबराची खाच त्यावर चढत नाही, आणि पत्रा हलला की तडकतं. कुजलेला भाग कापून तेवढाच पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने लावून घ्या. जवळच्या डेंटरकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे. वेल्डिंगआधी आतलं प्लॅस्टिकचं आवरण, वायरी आणि गालिचा काढायला सांगा, ठिणगीने पेटतात.

मग उरलेला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने उघडा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. जिथे हात पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं द्रावण), त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पुट्टी कडेवर नको. रंग नीट वाळू द्या. ओल्या रंगावर रबर चढवलं तर ते रंगाला धरून बसतं. हवा दमट आहे, दोन दिवस जास्तच धरा.

दार उघडं आहे तोवर आतले तुकडे व्हॅक्यूमने काढा, हात घालू नका. आणि दाराच्या अगदी खालच्या शिवणीला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती तुकड्यांनी आणि मातीने बुजली असतील. तार घालून मोकळी करा. माझ्या मते तुमच्या गंजाचं निम्मं मूळ तिथेच आहे.

घाटमाथा :

बसवायची रीत कुणी लिहिली नाही, मी लिहितो. कामाला दोन माणसं लागतात. आधी रबर काचेवर सगळीकडून नीट चढवायचं. मग पत्र्याची कड जिथे बसते त्या खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी पूर्ण फिरवायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून घेऊन आत सोडायची. खाचेला साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. एकाने बाहेरून काच जागेवर धरून तळहाताने दाबायची, दुसऱ्याने डिकीत बसून दोरीचं एक टोक हळूहळू आपल्याकडे ओढायचं. दोरी निघते तसतसा रबराचा ओठ, म्हणजे खाचेची पातळ कड, पत्र्यावरून आत पलटतो. ज्या जागी दोरी ओढली जातेय नेमकी त्याच जागी बाहेरून दाब हवा. कोपऱ्यात घाई केली की रबर फाटतं. काच फुटते ती मात्र कुणीतरी मूठ किंवा हातोडीचा दांडा मारतो म्हणून. हे काम उन्हात करा, नवं रबर ऊबेने नरम पडतं.

वाशिष्ठीकाठ :

झालं! उशिरा लिहिते आहे, क्षमा असावी.

काच भाच्याने पुण्याहून एसटीने आणली, दोन गोधड्यांत गुंडाळून मांडीवर घेऊन. नवी आहे, शिक्का बघून घेतली. रबरही नवं, जुना तुकडा नेला होता म्हणून बरं, दुकानदाराने आधी दिलेलं खरंच सैल होतं. चिपळूणच्या एका डेंटरने कोपऱ्याला पत्रा लावला, इतकी बारीक शिवण की रंगानंतर बोटाला लागत नाही. रंग चार दिवस वाळू दिला.

दोरी मी ओढली. डिकीत उकिडवी बसून, भाचा बाहेरून दाबत होता. पहिल्यांदा वरच्या उजव्या कोपऱ्यात रबर दुमडलं, सगळं काढून पुन्हा साबण लावून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला ओठ पत्र्यावरून पलटताना जो टप्-टप् आवाज येतो ना, तो डावीकडून उजवीकडे सरकत गेला आणि काच बसली.

मग बागेचा पाइप वरून पाच मिनिटं सोडला. डाव्या कोपऱ्यात, नव्या पत्र्याच्या जोडावर, एक थेंब आत आला. रबराचा ओठ लाकडी चमच्याच्या मागच्या टोकाने उचलून खाली ब्युटाइल भरलं, परत पाणी मारलं, आता कोरडं आहे. गेल्या आठवड्यापासून पाऊस लागला आहे. रोज सकाळी गालिच्याखाली जुनं वर्तमानपत्र सरकवते आणि संध्याकाळी बघते, अजून एकदाही ओलं झालेलं नाही.

गाडी आता माडाखाली नसते, गोठ्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये असते. जुन्या रबराचा तुकडा आणि नव्याचं उरलेलं टोक जपून ठेवलं आहे. कुणाची याच सालाची ८०० असेल आणि खाचांचं माप हवं असेल तर इथे विचारा, मोजून लिहीन.