मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांच्या जाती, 'आफ्टर' नक्की कशात मोडतो?

भांडुपची_आई: परवा मुलीची इंग्रजीची युनिट टेस्ट आहे आणि आम्ही दोघी पार्ट्स ऑफ स्पीचवर अडलोय. सराव पेपरात 'आफ्टर'खाली रेघ मारून जात विचारली होती. तिने प्रिपोझिशन लिहिलं, बाईंनी लाल फुली मारली. मागच्याच आठवड्यात वहीत त्याच 'आफ्टर'ला प्रिपोझिशन लिहिलं होतं, तिथे बरोबरची खूण आहे आणि खाली त्याच बाईंची सही! मी मराठी माध्यमातली. नाम, सर्वनामापासून केवलप्रयोगीपर्यंत आठही जाती मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. आफ्टर म्हणजे नंतर, नंतर म्हणजे शब्दयोगी, शब्दयोगी म्हणजे प्रिपोझिशन. मग चुकलं कुठे? ऑफिसमुळे बाईंना भेटता येत नाही. कृपया लवकर सांगा.

निवृत्त_शिक्षक: पूर्ण वाक्य द्या. इयत्ता कोणती?

भांडुपची_आई: सहावी. वाक्याचा काय संबंध? रेघ फक्त 'आफ्टर'खालीच आहे.

दोन_मुलांचा_बाबा: ताई, आठ रंगांची कार्डं करा. नाम निळं, क्रियापद लाल, प्रिपोझिशन पिवळं. रोज रात्री जेवल्यावर वीस कार्डं. माझ्या मोठ्याला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी मिळाले.

निवृत्त_शिक्षक: कार्डं करू नका. एका शब्दाला एकच रंग बसत नाही. आपल्या लोकलमधला 'फास्ट' घ्या. 'धिस इज अ फास्ट ट्रेन' इथे विशेषण, कारण तो गाडीबद्दल सांगतो. 'द ट्रेन रन्स फास्ट' इथे क्रियाविशेषण, कारण धावण्याबद्दल सांगतो. 'माय मदर फास्ट्स ऑन मंडेज', आई सोमवारचा उपवास करते, म्हणजे क्रियापद. 'हर फास्ट एंड्स ॲट नाईट' इथे नाम. आता सांगा, कार्ड कोणत्या रंगाचं करणार?

दोन_मुलांचा_बाबा: सर, पाया तर हवा ना? आधी व्याख्या पाठ, मग अपवाद.

निवृत्त_शिक्षक: हा अपवाद नाही, नियमच हा आहे. शब्द वाक्यात कोणतं काम करतो त्यावर त्याची जात ठरते. ताई, वाक्य?

परळकर: मुळात मुलीला इंग्रजी माध्यमात घातलंच कशाला? आमच्या गिरणगावातल्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी होतं, काही अडलं नाही.

भांडुपची_आई: दादा, तो निर्णय झालाय, टेस्ट परवा आहे. सर, ही वाक्यं. वहीतलं: 'वी हॅड टी आफ्टर डिनर.' पेपरातलं: 'आफ्टर वी रीच्ड दादर, इट बिगॅन टु रेन.'

निवृत्त_शिक्षक: 'आफ्टर'च्या पुढे काय आहे ते बघा. पहिल्यात 'डिनर', नुसतं नाम. म्हणून प्रिपोझिशन. दुसऱ्यात 'वी रीच्ड दादर', कर्ता आहे, क्रियापद आहे, आख्खं वाक्यच आहे. तिथे 'आफ्टर' दोन वाक्यं जोडतो, म्हणजे उभयान्वयी, कंजंक्शन. तुमचा घोळ मराठीमुळे झाला. आपण 'जेवणानंतर' म्हणतो आणि 'पोचल्यानंतर'ही म्हणतो, दोन्हीकडे 'नंतर' मागच्या शब्दाला चिकटतं. म्हणून फरक डोळ्याला दिसत नाही.

भांडुपची_आई: पण कंजंक्शन दोन वाक्यांच्या मध्ये असतं ना? हा तर अगदी सुरुवातीला आहे.

निवृत्त_शिक्षक: वाक्य फिरवून वाचा. 'इट बिगॅन टु रेन आफ्टर वी रीच्ड दादर.' आला की मध्ये. अर्थ तोच.

भाषा_अभ्यासक: मुलीचं उत्तर इतकंही चूक नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या केंब्रिज व्याकरणात दोन्ही 'आफ्टर' प्रिपोझिशनच धरलेत. पुढे नाम आलं काय नि वाक्य आलं काय, शब्द तोच.

निवृत्त_शिक्षक: मान्य. पण परवा पेपर शाळेच्या पुस्तकाप्रमाणे तपासणार. मुलीला दोन मतं आज सांगू नका, परीक्षा झाली की जरूर सांगा.

भाषा_अभ्यासक: आणि आठ हा आकडाही काही देवाने दिलेला नाही. यास्काच्या निरुक्त या प्राचीन संस्कृत ग्रंथात पदांचे, म्हणजे शब्दांचे, चारच प्रकार आहेत: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. इंग्रजांनी ती मांडणी लॅटिनवरून घेतली, लॅटिनने ग्रीकवरून.

परळकर: म्हणजे आपण इंग्रजांचंच पाठ करतोय. मी तेच म्हणत होतो.

दोन_मुलांचा_बाबा: इंग्रजीत नऊ आहेत ना पण? आर्टिकल वेगळं धरतात.

निवृत्त_शिक्षक: काही पुस्तकांत धरतात. मुलीच्या पुस्तकात आठ असतील तर आठच लिहायचे.

भांडुपची_आई: सर, आत्ता तिच्याकडून दहा वाक्यं करून घेतली. 'पुढे काय आहे' एवढंच विचारत गेले, नऊ बरोबर आली. एका वाक्यावर ती अडलीय: 'आय हॅव सीन हर बिफोर.' 'बिफोर'च्या पुढे काहीच नाही, मग काय लिहायचं म्हणते.

निवृत्त_शिक्षक: तिला विचारा, आई 'नंतर ये' म्हणते त्यातलं 'नंतर' कोणत्या जातीचं?

भांडुपची_आई: क्रियाविशेषण म्हणाली. मग स्वतःच 'बिफोर'समोर ॲडव्हर्ब लिहिलं.