फोटोडायोड प्रकाश 'शोधतो' की 'टिपतो'?

रानजाई: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते तपासतेय. एकावर, उजेड पडला की वीज वाहू देणाऱ्या त्या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाबद्दल लिहिलंय, 'फोटोडायोड प्रकाश शोधतो.' वाचलं की मला डायोडच कंदील घेऊन फिरताना दिसतो! 'डिटेक्ट'ला इथे कोणतं क्रियापद बसेल? 'ओळखतो' करू? शिवाय एका मुलाने 'फोटो काढणारा डायोड' असा अर्थ सांगितलाय. त्याची समजूत कशी घालू?

भाषाबुवा: मुलाला ओरडू नका. आपण 'फोटो' हा शब्द छायाचित्रापुरताच ठेवलाय, त्याला तो काय करणार! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाश, आणि आपला 'भा' धातू त्याचा चुलतभाऊ. प्रभा, आभा, भास्कर सगळे त्याच घरातले. 'डायोड'मध्ये 'दोन' आणि 'वाट' असे दोन ग्रीक शब्द आहेत. नावात दोन वाटा, पण साधा डायोड वीज जाऊ देतो एकाच दिशेने. असो. 'शोधक' अगदीच चूक नाही, धातुशोधक म्हणतोच आपण. पण धातू मातीत दडलेला असतो, प्रकाश कुठे दडलाय?

सोल्डरवाला: दुरुस्तीच्या दुकानात 'फोटोडायोड' कुणी म्हणत नाही. टीव्ही रिमोटला दाद देईना की 'सेन्सर गेला'. पुण्यात तपकीर गल्लीत सुटा घ्यायला गेलात तर विचारतात, 'काळा की पांढरा?' पांढरा म्हणजे पारदर्शक, दिसायला थेट एलईडीसारखा. मी एकदा तसाच एलईडी लावून तासभर डोकं खाजवत बसलो होतो. काळा असतो तो दिसणारा उजेड अडवतो आणि अवरक्त (इन्फ्रारेड) तेवढा आत घेतो. रिमोटचा उजेड साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. तो बहुतेक वेळा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणून खिडकीतलं ऊन आणि रिमोट यांत गल्लत होत नाही.

आता क्रियापद. माझं मत 'टिपतो'ला. कारण आत काय होतं ते बघा. सिलिकॉनचे दोन भाग जोडलेले असतात, एकात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. सांध्यापाशी एक अरुंद पट्टा तयार होतो. तिथे विद्युत क्षेत्र असतं, पण वाहून न्यायला मोकळं असं जवळपास काही नसतं. त्या पट्ट्यात फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतो, मागे रिकामी जागा उरते, आणि क्षेत्र दोघांना दोन बाजूंना ओढतं. हाच प्रवाह. म्हणून डायोड मुद्दाम उलटा जोडतात. उलट्या दिशेने एरवी वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे जे काही वाहतं ते प्रकाशाचं. पट्टाही रुंदावतो आणि डायोड चपळ होतो. एक फोटॉन, एक इलेक्ट्रॉन. चिमणी दाणे टिपते तसंच की!

भाषाबुवा: टिपकागदही आठवला. तो शाई टिपतो तेव्हा शाई कागदात जाते, वर उरत नाही. इथेही टिपलेला फोटॉन संपतोच ना?

सोल्डरवाला: संपतोच. आणि चिमणीला प्रत्येक दाणा चालत नाही. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटायला १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. तरंगलांबी वाढली की फोटॉनची ऊर्जा कमी होते, म्हणून साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश त्याच्यातून आरपार जातो. ऑप्टिकल फायबरमध्ये १३१० आणि १५५० नॅनोमीटर वापरतात. तिथे सिलिकॉन आंधळा, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डायोड लागतो.

दवाबिंदू: जरा थांबा. कोविडमध्ये घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरमध्येही हाच डायोड. बोटाच्या एका बाजूला लाल आणि अवरक्त असे दोन एलईडी, साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे, समोर फोटोडायोड. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन रंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्यागणिक पलीकडे पोचणारा उजेड किती बदलतो, त्यावरून टक्केवारी निघते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना. इथे मी 'टिपतो' कसं म्हणू? इथे तो 'मोजतो'.

सोल्डरवाला: मोजते ती पुढची चिप. डायोड टिपतो आणि पुढे देतो. जितका उजेड तितका प्रवाह, एवढंच त्याचं काम. नखाला गडद नेलपॉलिश असेल तर चिपचा हिशेब चुकू शकतो, डायोड बिचारा आला तेवढाच उजेड टिपत असतो.

रानजाई: 'टिपतो' पक्कं. तक्त्यावर चिमणी काढायला सांगते. एक राहिलं: मिट्ट अंधारातही उष्णतेने काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि किंचित प्रवाह येतो ना, त्या 'डार्क करंट'ला 'काळा प्रवाह' म्हणावं का?

भाषाबुवा: नको! मुलं काळ्या पैशाशी जोडतील. 'अंधारातला प्रवाह' लिहा, लांब वाटला तरी चालेल.