नागपूरच्या छोट्या बँडची पहिली टूर: गाडी, सामान, मुक्काम, पैसे कसं जमवायचं?

बर्डीचा_बेसिस्ट
नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा इंडी पॉप बँड आहे, मी बेस, एक अकूस्टिक गिटार, एक जण कीबोर्ड आणि लॅपटॉप सांभाळतो आणि एक गायिका जी कहोनही (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) वाजवते. गाणी सगळी आमची, मराठीतली. नागपुरात आता बऱ्यापैकी ओळख झाली, कॅफे झाले, कॉलेजं झाली, पण त्याच त्याच लोकांसमोर वाजवून राह्यलो असं वाटते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडायचं ठरवून राह्यलो. प्लॅन असा की आधी थेट पुणे, मग मुंबई, मग येताना नाशिक, संभाजीनगर, अमरावती. एका मित्राच्या काकांची अर्टिगा आहे ते कमी भाड्यात देतो म्हणतात. चालवू आम्हीच आळीपाळीने, शो झाला की रात्रीच निघायचं म्हणजे हॉटेलचा खर्च वाचेल. जे कोणी असं फिरले आहेत त्यांनी सांगा, जमेल ना हे?

धंतोलीचा_गिटारवाला
भाऊ, बाहेर पडताय याचा मनापासून आनंद झाला, नक्की जा. पण रात्री निघायचं डोक्यातून आजच काढून टाका. शो संपतो, केबल गुंडाळून सामान भरेपर्यंत तास जातो, मग जेवण, म्हणजे निघायला दीड-दोन वाजणार आणि पहाटे जेव्हा झोप सगळ्यात गाढ असते तेव्हा तुमच्यातलाच कोणीतरी दिवसभर उभा राहून थकलेला माणूस गाडी चालवत असणार. त्यात समृद्धी महामार्ग. 701 किलोमीटरचा रस्ता, जून 2025 पासून पूर्ण सुरू, कारला 120 ची मर्यादा, रस्ता उत्तम आहे पण सरळच्या सरळ काँक्रीट, मध्ये गाव नाही, सिग्नल नाही, डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असते. बँडमधल्या एकालाही काही झालं तर गाणी काय कामाची. हॉटेलचे पैसे हा टूरचा पहिला खर्च धरा, उरले तर द्यायचा नाही. सकाळी नाश्ता करून निघायचं, निघण्याआधी टायरची हवा बघायची, गुळगुळीत टायर असतील तर त्या रस्त्यावर जायचंच नाही.

दुसरं, काकांची अर्टिगा. नंबरची पाटी पांढरी असेल तर भाड्याने घेऊ नका. खासगी पासिंगची गाडी भाड्याने फिरवणं नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. पिवळ्या पाटीची गाडी ड्रायव्हरसकट घ्या, मागची सीट आडवी केली की चौघं, ड्रायव्हर आणि सामान आरामात मावते. आणि ड्रायव्हरची खोली, जेवण तुमच्याच बजेटमध्ये धरा, त्याला गाडीत झोपायला लावू नका, तुमचा जीव त्याच्या हातात आहे.

तिसरं म्हणजे रूट उलटा करा. आपण मधोमध आहो म्हणून लोकं खुश होतात, बँडसाठी त्याचा अर्थ एवढाच की कोणतंही मोठं मार्केट जवळ नाही. थेट पुण्याला पहिला शो ठेवला तर सातशेच्या वर किलोमीटर बसून उतरल्या उतरल्या तुम्ही तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या लोकांसमोर वाजवणार, तेही सेट अजून रुळलेला नसताना. अमरावती आधी करा, दीडशे किलोमीटर आहे, जुन्या रस्त्याने कोंढाळी-तळेगाव करत तीन तासात पोचता, काही विसरलं तर घरून कोणी आणूनही देईल. तिथून कारंजा लाडला समृद्धीवर चढायचं, संभाजीनगर, मग नाशिक, मग मुंबई, शेवटी पुणे. पुण्यापर्यंत गाणी पार अंगात मुरलेली असतील.

अंबानगरीची_गायिका
धंतोलीवाल्या दादांचं झोपेबद्दल शंभर टक्के बरोबर. गाडीबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे, परतीला गाडी ठेवूच नका. पुण्याहून गाडी सोडून द्या आणि रात्रीच्या ट्रेनने नागपूरला या, गरीबरथ आहे, अजून गाड्या आहेत. स्लीपर आणि थर्ड एसीत माणशी 40 किलो सामान फुकट नेता येते म्हणजे चौघांचं 160, तुमच्याकडे ड्रम किट नाही त्यामुळे वजनाचा प्रश्नच नाही. गिटार, बेस वरच्या बर्थवर स्वतःजवळ ठेवायचे. मोठ्या 88 कीजच्या कीबोर्डसारखा लांब नग असेल तर आधी जाऊन पार्सल ऑफिसात बुक करा, ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) जाईल, पण हार्डकेस पाहिजेच. तिकिटं मात्र तारीख पक्की होताच काढा, पुणे-नागपूर ऐनवेळी मिळत नाही.

आता तुमच्या गायिकेसाठी, कारण टूरमध्ये तिचं वाद्य बॅगेत ठेवून बंद करता येत नाही. तिला खोली वेगळी, कडी-कुलूप नीट असलेली, हे संयोजकाशी बोलतानाच सांगायचं, तिथे पोचून नाही. नंतर मागितलं की तीच नखरेवाली ठरते, म्हणून हे मागणं बँडकडून, तुम्ही करायचं. गाडीत एसीचा झोत तोंडावर नको, गाडीत गाणी म्हणत जायचं नाही, मोठ्या आवाजात गप्पाही कमी कारण इंजिनच्या आवाजावर बोलताना गळा न कळता ताणला जातो. आणि सलग तीन दिवस शो लावू नका, दोन झाले की एक दिवस रिकामा. त्या रिकाम्या दिवशी कपडे धुता येतात, घरी बोलता येते, एकमेकांपासून थोडं लांब राहता येते. चार माणसं चोवीस तास एका गाडीत असली की चांगल्या दोस्तीलाही हवा लागते, हे मी अगदी कळकळीने सांगतेय, बँड गाण्यांवरून कमी आणि असल्या बारीकसारीक कुरबुरींवरून जास्त तुटताना पाहिले आहेत.

सदरचा_साउंडवाला
मी मिक्सरच्या मागे बसणारा माणूस, माझ्या बाजूने सांगतो. छोट्या जागी पोचल्यावर सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर बँडला काय काय लागते हे विचारण्यात. एका पानाची इनपुट लिस्ट बनवा आणि आठवडाभर आधी पाठवा. तुमच्यासारख्या सेटअपला बेसचा एक डीआय (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा छोटा बॉक्स), कीबोर्डचे दोन, लॅपटॉपचे दोन, गिटारचा एक, कहोनला एक माइक आणि जितके गाणारे तितके माइक. खाली कोण कुठे उभं राहते त्याचं साधं चित्र. एवढं असलं की साउंडचेक अर्ध्या वेळात होते.

डीआय बॉक्स आणि गायिकेचा माइक स्वतःचे ठेवा, कॅफेत मिळेलच असं नाही. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून गुंईई आवाज येतो ना, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. पण प्लगची अर्थिंगची पिन काढून हा आवाज घालवायचा प्रकार बरेच जण करतात तो जिवावरचा आहे, कोणी सुचवलं तरी करू देऊ नका. अर्थिंगवाला चांगला एक्स्टेन्शन बोर्ड, तारांचे दोन सेट, 9 व्होल्टच्या बॅटऱ्या, जास्तीच्या केबल आणि बॅकिंग ट्रॅक (गाण्यामागे वाजणारं रेकॉर्डिंग) मोबाइलमध्येही कॉपी करून.

मोकळ्या जागेत शो असेल तर वेळ लिहून घ्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, काही ठरावीक दिवसांची सूट सोडून. होते काय की आधीच्यांचं लांबते, दहा तर वाजणारच असतात, मग कापलं जाते ते नवीन बँडचं.

वाद्यांचंही बघा. नागपूरच्या कोरड्या हवेतून गिटार मुंबईच्या दमट हवेत गेली की लाकूड फुगते, तारा वर येतात, ट्युनिंग हलते. पोचल्यावर केस उघडून तासभर तिला राहू द्या, मग सुरात लावा. डिसेंबर निवडला ते एकदम चांगलं केलं. आपल्या मे महिन्यात, जिथे 2013 मध्ये 47.9 पर्यंत पारा गेला होता, बंद गाडीत गिटार ठेवली तर सरस मऊ होऊन ब्रिज (तारा अडकवायची खालची पट्टी) उचलला जातो.

बर्डीचा_बेसिस्ट
सगळ्यांचे खूप खूप आभार, आजच बसून रूट उलटा केला आणि काकांना नाही सांगितलं. एकच राहिलं, पैसे. पुण्याची एक जागा म्हणते तिकिटाच्या विक्रीतला हिस्सा देतो, नाशिकवाले म्हणतात ठरावीक रक्कम देतो पण अर्धी हिंदी कव्हर्स (दुसऱ्यांची गाणी) वाजवा. काय करावं?

धंतोलीचा_गिटारवाला
तिकिटातला हिस्सा फक्त तिथे घ्या जिथे तुमचे ऐकणारे खरंच आहेत. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्टमध्ये कोणत्या शहरात किती लोक ऐकतात ते दिसते, पुण्याचा आकडा चांगला असेल तर हिस्सा परवडेल, तरी किमान रक्कम लिहून घ्याच. ठरावीक रकमेत निम्मा ॲडव्हान्स निघायच्या आधी, ईमेलवर, मुक्काम-जेवण कोणाकडे तेही त्यातच. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागा, रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळते. पेट्रोल, टोल, खोल्या, जेवण हे आधी बाजूला आणि उरेल ते चौघांत सारखं, हे निघायच्या आधी लिहून चौघांनी बघायचं.

कव्हर्सचं म्हणाल तर अर्धा सेट देऊ नका. दोन गाणी म्हणा, तीही तुमच्या पद्धतीने बसवून. माणसं तुमची मराठी गाणी ऐकायला नाही आली हे संयोजकाला वाटते, पण नाशिकच्या चाळीस माणसांनी तुमचं एक गाणं घरी नेलं तर पुढच्या वेळी तेच तिकीट काढतील, आणि त्याच्यासाठीच तर एवढा रस्ता तुडवून राह्यले तुम्ही. गाणी लिहिणाऱ्याने आणि चाल लावणाऱ्याने आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या. स्ट्रीमिंगच्या डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे, गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी असते आणि 2012 च्या कायदादुरुस्तीने तो हक्क अजून पक्का झाला आहे.

अंबानगरीची_गायिका
अमरावतीची तारीख ठरली की इथेच टाका. माझ्याकडे दोन डीआय आणि एक चांगला माइक आहे, तुमची गाठ पडली की देते, पुण्याहून परत आल्यावर आणून द्या.