उत्तर: इंटरनेट गेलं की कोर्टाचं काम ठप्प? पूर्ण खरं नाही

धारणी-सिरोंच्यासारख्या दुर्गम ठिकाणी इंटरनेट टिकत नाही म्हणून कोर्टांचं संगणकीकरण फसतं, असं म्हटलं जातं. अर्धंच पटलं. कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्‌स प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सीआयएस, म्हणजे केसेस नोंदवायचं सॉफ्टवेअर, कोर्टाच्याच सर्व्हरवर चालायचं आणि डेटा नंतर मध्यवर्ती सर्व्हरवर जायचा. म्हणजे इंटरनेट तुटलं तरी नोंद थांबायचं कारण नव्हतं. वीज गेली अन् यूपीएसची बॅटरी मेलेली असली की मात्र सगळंच बसतं.

खरी मेख पोलिसांच्या सीसीटीएनएसशी, म्हणजे गुन्हे नोंदवायच्या संगणक यंत्रणेशी, जोडणी करताना आहे. अपराध क्रमांक (एफआयआरचा नंबर) समजा ४५, तो प्रत्येक पोलीस स्टेशनला, दरवर्षी नव्यानं येतो. त्यामुळे पोलीस स्टेशन, क्रमांक आणि वर्ष या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच एफआयआर आणि कोर्टातली केस एकमेकांना सापडतात. डिसेंबरचा गुन्हा, दोषारोपपत्र फेब्रुवारीत. फायलिंगला बसलेला लिपिक गुन्ह्याच्या वर्षाच्या जागी सवयीनं चालू वर्ष टाकतो, झालं, जोडणी तुटली. १६ अंकी-अक्षरी सीएनआर, म्हणजे कोर्टातल्या केसचा ओळख क्रमांक, बिनबोभाट तयार होतो, कारण त्यातलं वर्ष केस कोर्टात दाखल झाल्याचं असतं, गुन्ह्याचं नाही. पडद्यावर चूक दिसतच नाही.

म्हणून नोंद एफआयआरच्या पहिल्या पानावरून करा, दोषारोपपत्राच्या कव्हरवरून नको. हद्द बदलून नवं पोलीस स्टेशन झालं असेल तर जुन्या गुन्ह्याला जुनंच स्टेशन निवडायचं. आणि पोलिसांच्या कोर्ट पैरवीकडून (कोर्टातल्या केसेसचा पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) आठवड्याला न जुळलेल्या केसेसची यादी मागा. त्याला नवी मशीन लागत नाही.