शब्दचर्चा: व्हॅम्पायर-शिकाऱ्यांच्या संघटनेला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती:

दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की आम्ही पाच जण टेबलाभोवती बसतो आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. हा पात्रं घेऊन गोष्ट रंगवत खेळायचा खेळ. गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी, म्हणजे डीएम, मी असते. सध्या 'कर्स ऑफ स्ट्राड' चालू आहे. धुक्यात कोंडलेला बारोव्हिया नावाचा मुलुख आणि त्यावर राज्य करणारा व्हॅम्पायर काउंट स्ट्राड, अशी ही कथा. मूळ साहस ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने 1983 साली लिहिलं, 2016 साली ते बरंच वाढवून पुन्हा आलं. नियम इंग्रजीत असले तरी वर्णन आणि संवाद आम्ही मराठीतच करतो. भीती मराठीत जास्त लागते, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या शनिवारी अडलं ते 'कीपर्स ऑफ द फेदर'पाशी. ही स्ट्राडच्या विरुद्ध गुपचूप काम करणारी मंडळी. माणसाचे डोमकावळे होणारे लोक. वल्लाकी गावात त्यांची खानावळ आहे, गावाबाहेर द्राक्षमळा आणि वाइनचा कारखाना आहे, आणि स्ट्राडला कळू न देता ते माणसांना मदत करतात. मी म्हटलं, "हा खानावळवाला म्हणजे पिसाचे राखणदार, त्यांच्यापैकी एक." टेबलाच्या त्या टोकाला ऐकू गेलं, "पिशाचांचे राखणदार". आमच्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याच्या पात्राने, तिथल्या तिथे तलवार काढली. अर्धा तास ते निस्तरण्यात गेला आणि एका भल्या माणसाचा जीव थोडक्यात वाचला.

तेव्हापासून शब्द शोधते आहे. 'टोळी' म्हटलं की दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात. 'संघ' आणि 'मंडळ' यांना कार्यकारिणी आणि वार्षिक सभेचा वास येतो. 'निर्मूलन' म्हटलं तर कानात आधी हिवताप वाजतो. 'पथक' मला आवडतं. पेशवाईत सरदाराच्या हाताखालच्या घोडदळाला पथक म्हणत, आणि आजही भरारी पथक, बचाव पथक, गोविंदा पथक असं कामासाठी एकत्र आलेल्या माणसांना तो शब्द सहज बसतो. पण पथक उघड असतं, वाजतगाजत येतं. डोमकावळ्यांचं तसं नाही.

आणि मुळात 'व्हॅम्पायर'ला काय म्हणू? पहिल्या सेशनला मी 'वेताळ' म्हटलं होतं. एक जण गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, तेवढा शब्द बदल." कारण विचारायचं राहिलं.

प्रतिसाद:

सरळ 'व्हॅम्पायर-शिकारी' म्हणा. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद, काणकोणहून:

तुमच्या मित्राने शब्द का बदलायला सांगितला ते मी सांगतो. तो आमच्या बाजूचा असावा.

गोव्यात वेताळाला आम्ही बेताळ म्हणतो आणि तो देव आहे. आमोणे, पैंगीण, लोलये इथे त्याची देवस्थानं आहेत. लोलयेचा बेताळ उघड्यावर उभा आहे, अखंड दगडाचा, पुरुषभर उंचीहून मोठा. कोकणात आणि घाटावरही अनेक गावांच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ असतो. आमच्याकडे मानतात की तो रात्री गावाभोवती फेरी मारतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. माझी आजी म्हणायची, मध्यरात्री वाटेवर पावलं वाजली तर बाजूला सरायचं, मागे वळून बघायचं नाही, तो कामावर आहे.

आता बघा, ताई, हा भूतांचा राजा खरा, पण गावाच्या बाजूने उभा आहे. भूतखेत आत येऊ नये म्हणून तो फिरतो. मग तुमच्या खेळात त्याची जागा स्ट्राडच्या वाड्यात कशी? त्याची जागा त्या शिकाऱ्यांच्या बाजूला.

घोटाळा जुना आहे. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात शिरून बोलतो, एवढ्या साम्यावर रिचर्ड बर्टनने 1870 साली त्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. पण तो रक्त पीत नाही. कोडी घालतो, आणि शेवटी राजाला कपटी साधूपासून वाचवतो तोच. इंग्रजीने केलेली चूक उलट फिरून मराठीत आली आणि आता आपण व्हॅम्पायरला वेताळ म्हणायला लागलो.

दुसरी गोष्ट 'इन्क्विझिशन'ची. 'व्हॅम्पायर: द मास्करेड' या 1991 साली आलेल्या खेळात व्हॅम्पायरांच्या मागे लागलेली 'सोसायटी ऑफ लिओपोल्ड' ही चर्चच्या इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणाऱ्या न्यायसंस्थेची, वारस आहे. त्याच खेळाच्या 2018च्या आवृत्तीत सरकारी गुप्तहेर खाती आणि चर्च मिळून उभं राहिलेलं 'सेकंड इन्क्विझिशन' आहे. माझा पुतण्या हे खेळतो, त्याच्याकडून कळलं. त्याला मी सांगितलं, हा शब्द तू टेबलावर उच्चारशील तेव्हा गोव्यातल्या माणसाला तो काल्पनिक वाटणार नाही. आमच्याकडे इन्क्विझिशन 1560 ते 1812 चाललं, मधली चार वर्षं सोडून. त्याचं 'धर्मसभा' वगैरे गुळगुळीत भाषांतर करू नका. तो शब्द तसाच ठेवा, त्याचं ओझं त्याच्यावर राहू द्या. त्या खेळातही शिकारी निर्मळ नाहीतच, तेव्हा अर्थाला धक्का लागत नाही.

धागाकर्ती:

काका, वहाणांची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मित्राला फोन केला. तो लोलयेचाच निघाला. वेताळ रद्द. यापुढे व्हॅम्पायर म्हणजे व्हॅम्पायर.

'रक्तपिशाच'ही घ्यावंसं वाटत नाही. आपली भुतं बहुतेक सगळी बिनदेहाची असतात. हडळ, मुंजा, समंध यांचा देह जळून गेलेला असतो, मागे राहिलेली वासना झाडाला धरून असते किंवा माणसाला लागते. म्हणून आपल्याकडे त्यांच्याशी लढणारा माणूस म्हणजे मांत्रिक, देवऋषी, पंचाक्षरी. तो बाधा उतरवतो. व्हॅम्पायर उतरवता येत नाही. तो अंगात येत नाही, दारात येतो. ते पुरलेलं मढं आहे, त्याला देह आहे, सुळे आहेत, आणि छातीत खुंटी ठोकायला छाती आहे. ज्या मुलखात पुरतात तिथली ती भीती आहे.

'शिकारी'बद्दल मात्र मन तयार होत नाही. शिकारी हौसेने जातो, जनावराच्या मागावर जातो, मुंडकं भिंतीला लावतो. स्ट्राडच्या मुलखात शिकार उलटी चालते. शिकार माणसांची होते.

प्रतिसाद:

'हंटर'ही नको. मराठीत हंटर म्हणजे चाबूक. (गंमत म्हणजे 1986च्या 'कॅसलव्हेनिया' या व्हिडिओ गेममध्ये बेल्मॉन्ट घराण्याचे लोक व्हॅम्पायरला चाबकानेच मारतात. तिथे शब्द आपोआप जुळतो!)

आणि कुणी 'पारधी' सुचवायच्या आत लिहिते. 'पारध' हा क्रियेचा शब्द जुना आणि सुंदर आहे, पण 'पारधी' हे माणसांचं नाव आहे. 1871पासून लागू होत गेलेल्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत ते येतात. तो कायदा गेला, 1952 साली जमाती विमुक्त झाल्या, शिक्का पुसला गेला नाही. काल्पनिक टोळीला ते नाव देऊ नये. 'कर्स ऑफ स्ट्राड'मधल्या विस्तानी या भटक्या लोकांबद्दल हेच झालं होतं. युरोपातल्या रोमा लोकांबद्दलचे सगळे वाईट समज त्यांच्यावर चढवले होते, आणि 2020 साली प्रकाशकांनी तो मजकूर बदलला. एझमेरेल्डा ही व्हॅम्पायरांच्या मागावर असलेली बाई विस्तानी आहे. आधी ती आपला कृत्रिम पाय लाजेने लपवते असं लिहिलेलं होतं, तेही काढलं.

'ऑर्डर'साठी 'व्रतस्थ' कसं वाटतं? पंथ म्हटलं की श्रद्धा येते, संप्रदाय म्हटलं की गुरुपरंपरा. नाइट लोकांची ऑर्डर शपथेने बांधलेली असते. 'कर्स ऑफ स्ट्राड'मधली 'ऑर्डर ऑफ द सिल्व्हर ड्रॅगन' म्हणजे 'रुपेरी ड्रॅगनचे व्रतस्थ'. त्यांची गोष्ट तुमच्या कॅम्पेनमध्ये पुढे येईल, म्हणून फार सांगत नाही. एवढंच, की ते स्ट्राडशी लढताना मेले, सुडापायी परत उठले, आणि आता त्यांच्या म्होरक्याला स्ट्राड मरायलाच नको आहे, कारण जिवंत राहून भोगणं हीच त्याची शिक्षा. व्रत उरलं, हेतू गेला. 'व्रतस्थ' शब्दात ते कडवटपण मावतं.

'ऑब्लिव्हियन' या व्हिडिओ गेममधल्या 'ऑर्डर ऑफ द व्हर्च्युअस ब्लड'चं भाषांतर कुणी 'शुद्ध रक्त' करू नये, हीही विनंती. आपल्याकडे त्या शब्दाला जातीचा दर्प आहे. 'सत्त्वशील' म्हणा. तिथेही, व्हॅम्पायर मारायला निघालेल्या त्या संघटनेचा प्रमुखच व्हॅम्पायर निघतो.

प्रतिसाद, यवतमाळहून:

मला खेळाची माहिती बेताची आहे. मुलगी खेळते, तिच्या शेजारी बसून बघतो. पण शब्द आमच्याकडे आहे.

'जागल'.

पीक कापणीला आलं की रात्री रानडुकरं येतात. मग माणसं शेतावर जातात, मचाण बांधतात, शेकोटी पेटवतात, डबडं वाजवतात, आळीपाळीने झोपतात. याला 'जागलीला जाणं' म्हणतात. लहानपणी वडिलांबरोबर मी जागलीला गेलो आहे. ज्वारीच्या ताटांमध्ये आधी फक्त सळसळ येते. डुक्कर दिसत नाही, ताटं हलताना दिसतात, आणि ती हलती रेघ आपल्याकडे सरकत येते. वडील माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, टॉर्च लावायचे नाहीत. रेघ शेताच्या मध्यावर आली की मग एकदम आरोळी. मारायला आम्ही कधी गेलो नाही. पीक राखायला गेलो.

गावगाड्यात गावची रात्र राखणाऱ्यालाही जागल्या म्हणत. ते काम जातीने लादलेलं होतं, अनेक ठिकाणी महारांवर, हे विसरून शब्द वापरू नये. पण आज वर्तमानपत्रं भ्रष्टाचार उघड करणाऱ्या माणसाला जागल्या म्हणतात, आणि आदराने म्हणतात. शब्द वर आला आहे.

मुलीच्या 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममध्ये 'व्हिजिलंट्स' नावाचे लोक आहेत ना? तिने अर्थ शोधून सांगितला, लॅटिन 'व्हिजिल' म्हणजे जागा असलेला. रोममध्ये ऑगस्टसने इ.स. 6 मध्ये रात्रीचा पहारा करायला आणि आगी विझवायला जे दल उभारलं, त्याचं नाव व्हिजिलेस. म्हणजे जागल्येच की.

धागाकर्ती:

दादा, मिळालं! दोन दिवस हा शब्द तोंडात घोळवते आहे.

तुम्ही म्हणता ते 'व्हिजिलंट्स ऑफ स्टेंडार', स्टेंडार या दयेच्या देवाचे. 'स्कायरिम'ला 2012 साली जोडलेल्या 'डॉनगार्ड' या भागात सुरुवातीलाच व्हॅम्पायर त्यांचा मठ उद्ध्वस्त करतात. त्यांच्यातूनच बाहेर पडलेला इस्रान मग जुना किल्ला पुन्हा वसवतो, त्या संघटनेचं नाव डॉनगार्ड. याला मी 'पहाटेचा पहारा' म्हणणार. पहाट आणि पहारा इतके जवळ बसतात की दुसरं काही शोधायची गरजच नाही. शिवाय 2008 साली आलेला 'हंटर: द व्हिजिल' नावाचा एक अख्खा खेळ आहे. त्यात साधी माणसं छोट्या गटांतून रात्रीच्या राक्षसांशी लढतात, आणि त्या सगळ्या धडपडीला ते 'द व्हिजिल' म्हणतात. खंडोबाचं जागरण आणि कोजागरी असलेल्या भाषेत त्याला 'जागर' सोडून दुसरा शब्दच नाही.

अगदी मुळाशी गेलं तरी हेच दिसतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली छापलं गेलं, त्याच्याआधी डेव्ह आर्नेसन मिनेसोटात मित्रांना 'ब्लॅकमूर' खेळवत होता. त्यात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं, सर फँग. ते इतकं बलवान झालं की बाकीच्यांचा निभाव लागेना. त्याला आवर घालायला माइक कार याचं पात्र आलं, बिशप कार, क्रॉस घेतलेला धर्मगुरू. तोच पुढे 'क्लेरिक' झाला. आज जो क्लेरिक आपण जखमा बऱ्या करायला बोलावतो, त्याचा जन्म व्हॅम्पायरला थोपवायला झाला. आणि मेल्यावर उठलेल्यांवर चालणारी त्याची खास विद्या 'टर्न अनडेड' ही मारण्याची नाहीच, पिटाळून लावण्याची आहे. ज्वारीत घातलेली आरोळीच ती.

तर माझ्या टेबलापुरतं असं ठरवलं. डोमकावळ्यांची ती 'जागल'. "मी जागलीतला आहे," असं खानावळवाला म्हणेल, ओट्यावर पेला पुसता पुसता, आणि पॅलाडिन तलवार काढणार नाही. शपथेने बांधलेले असतील ते 'व्रतस्थ'. सरकारी पगारावर असतील ते 'दल'. घराण्यात चालत आलेलं असेल तिथे 'घराणं'च, जसं बेल्मॉन्ट. इन्क्विझिशन तसंच राहील. आणि जे खरोखर हौसेने, मुंडक्यांसाठी मारत फिरतात, त्यांनाच फक्त 'शिकारी' म्हणेन.

एक अडचण राहिली. एझमेरेल्डाला काय म्हणू? जागल्याचं स्त्रीलिंग काय?

प्रतिसाद, काणकोणहून:

'जागलीण' होईल, पण ती जागल्याची बायको वाटेल.

प्रतिसाद, यवतमाळहून:

आई जागलीला यायची. भाकरी घेऊन यायची आणि मग रात्रभर थांबायची, कारण वडिलांना डुलकी लागायची. तिला आम्ही काही वेगळं म्हणत नव्हतो. 'आई जागलीवर आहे', एवढंच. तसंच म्हणा.